सैतानाने दार अडवले ती पहाट

आमच्या लेबनानच्या डोंगरातल्या गावात नखले गवंडी चाळीस वर्षं सैतान होता. ईस्टरच्या पहाटेपुरता हं! एरवी देवमाणूस, फक्त तोंडाचा फाटका.

पहाटे सगळं गाव मेणबत्त्या घेऊन देवळाबाहेर येतं. आत नखले एकटा. अबूना, म्हणजे आमचे पाद्रीबाबा, दार ठोठावतात, "दारांनो, माथी उंच करा, वैभवाचा राजा येतोय!" सैतानानं आतून खेकसायचं, "कोण हा वैभवाचा राजा?" असं तीनदा झालं की अडसर काढून हरायचं. मरणाचं दार मोडून येशू उठला, ते हे असं.

"दरवर्षी मीच मेल्यानं हरायचं!" नखले कुरकुरायचा. पण काम दुसऱ्याला देईल तर शपथ.

त्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ तनूस ब्राझीलहून आला. नऊ वर्षांपूर्वी तो आईच्या मातीला आला नाही, तेव्हापासून नखलेनं त्याचं नाव टाकलेलं. गर्दीत तनूसला बघितलंन आणि आत जाऊन धाडकन अडसर घातला.

तीनदा ठोठावून झालं. चौथ्यांदा आतून तेच, "कोण हा राजा?" पाचव्यांदा तेच. मेण बोटांवर सांडायला लागलं.

"नखले, उघड रे बाबा," अबूना कावले.

"तो बाहेर आहे तोवर नाही! मेलेले उठतात म्हणता, आणि जित्ता भाऊ आईला खांदा द्यायला येत नाही!"

"अहो, माझे पाय गेले!" त्याची बायको वर्दे ओरडली. "घरी अंडी रंगवून ठेवलीत, ती काय पुढच्या ईस्टरला फोडायची?"

मीच वैतागून तनूसला पुढं ढकललं. त्यानं दाराला कपाळ टेकवलं.

"दादा, मी आलो होतो रे. बोट बंदराला लागली, तेव्हा आईच्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थनाही होऊन गेली होती. वर गावात यायला तोंड नव्हतं. तिथूनच परत फिरलो."

आतून अडसर खणाणला.

तोंडाला काजळी फासलेला सैतान दारात, आणि त्या काजळीतून दोन पांढरे ओघळ. तनूसनं हात पुढे केला, "ख्रिस्त उठला."

याला उत्तर न देणारा माणूस आमच्या गावात जन्मलेला नाही. तरी आम्ही श्वास रोखला.

"खरंच उठला," नखले म्हणाला. "त्याला तीन दिवस लागले. तुला नऊ वर्षं लागली, गाढवा!"

आणि तनूसच्या नव्या सदऱ्यावर सगळी काजळी पुसलीन.