फाइलीतला ‘ळ’

सुरेखाताईंना दुसऱ्यांच्या फाइलींत नाक खुपसायची खोड होती, आणि लखनऊच्या एका फळसंशोधन संस्थेने त्यांना तीस वर्षं त्याच कामावर ठेवलं. संस्थेचं प्रत्येक पुस्तक छपाईआधी त्यांच्या नजरेखालून जाई.

महिनाअखेर निवृत्ती. हातातलं शेवटचं पुस्तक दसहरी आंब्यावरचं, हिंदीत. बारा वर्षं ही फाइल दहा जणांनी हाताळलेली. अक्षराचा आकार, तिरपेपणा, समास ठरवून प्रत्येकाने आपापल्या नावाच्या ‘स्टाइली’ तिच्यात कोंबल्या होत्या. चारशे अकरा! फाइल उघडायलाच पाच मिनिटं लागत.

संगणक विभागातल्या अभिरामने मॅक्रो, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहून आणला. एक बटण दाबलं की न वापरलेल्या स्टाइली शोधून साफ.

“आधी यादी दाखव,” ताई म्हणाल्या.

“मावशी, सब कचरा है.” अभिराम घरचा सांगलीचा, पण वाढला लखनऊच्याच सरोजिनी नगरात. मराठी समजे, उत्तर मात्र हिंदीत.

ताई मजेत यादी वाचू लागल्या. ‘फायनल’. ‘फायनल-पक्का’. ‘साहब का हेडिंग’. मग ‘माळी’.

“टाइपो है. माली होगा.”

“हिंदी फाइलीत ळ कोण टाइप करेल रे?”

ताईंच्या प्रकाशन विभागात मराठी माणसं दोनच होती, त्या आणि सुधीरराव. सुधीररावांना जाऊन चार वर्षं झाली, आणि ते तर विनाकारण स्वल्पविरामही देत नसत.

“तुझा मॅक्रो तळटिपांत बघतो का?”

अभिराम कोड वाचून ओशाळला. “नहीं... सिर्फ़ मेन टेक्स्ट में.”

ताईंनी तळटिपा उघडल्या. मलिहाबादच्या बागवानांचं, म्हणजे आंबा पिकवणाऱ्या माळ्यांचं, बोलणं तिथे ‘माळी’ स्टाइलच्या तिरप्या अक्षरांत होतं, संशोधकांचं सरळ. कुठलं वाक्य कोणाचं, याची तेवढीच खूण. स्टाइल उडाली असती, तर बागवानांचं सगळं शहाणपण साहेबांच्या नावावर गेलं असतं.

मॅक्रो दुरुस्त झाला, तळटिपाही धुंडाळून आला. ‘माळी’ बचावली. ‘सुरेखा’ मात्र न वापरलेल्यांच्या यादीत तशीच होती. सुधीररावांनी याच फाइलीवर त्यांना स्टाइल करायला शिकवलं, त्या दिवशीची.

अभिराम घुटमळला. आणि चक्क मराठीत म्हणाला, “मावशी, ही राहू दे ना.”

“कुठे वापरलीये?”

“कुठेच नाही.”

“मग?” ताईंनी स्वतःच बटण दाबलं.

डोळे भरून आले होते, पण फाइल चटकन उघडली, आणि ताई सगळ्यात आधी तळटिपा बघायला गेल्या.