आत्याने विणलेल्या चादरी

भावाचा फोन आला तेव्हा मी कारध्याला सासरच्या अंगणात उभी होते. वैनगंगेवर धुकं होतं, पलीकडचा भंडारा, माझं माहेर, दिसत नव्हता. "आत्या गेली," एवढंच तो म्हणाला. आणि मला मागाची खटखट ऐकू आली... नदीपलीकडचा आत्याचा माग इथवर ऐकू येत नाही, हे मलाही कळतं. तरी ऐकू आला. महिना उलटून गेला, पण धुकं पडलं की अजूनही येतो.

कमलआत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. सासर सोडून आली तेव्हा मी लहान होते. आमचं घर विणकरांचं. आल्या आल्या ती मागावर बसली, ती जन्मभर. हातात धोटा आणि तोंडाने आमची थट्टा, दोन्ही एका लयीत चालायचं. बाजारासाठी ती हव्या त्या रंगाच्या चादरी विणायची, पण गल्लीतल्या कुठल्याही मुलीचं लग्न ठरलं की तिला द्यायच्या चादरीचा रंग एकच, गडद मरून. नवरीला गुलाबी आवडो की निळा, आत्या ऐकायची नाही. "कमलले दुसरा रंगच दिसत नाही," बायका हसायच्या. तीही हसायची.

माझ्या हळदीच्या संध्याकाळी मी रुसून बसले. "आत्या, मले पांढरी पाहिजे. कायले हा एकच रंग?"

तिने दार लोटून घेतलं. "पांढऱ्यावर डाग दिसते," ती म्हणाली, "आन् नसला, तं तेही दिसते."

मग हळूहळू सांगितलं. नाकाडोंगरीला तिचं लग्न झालं. पहिल्या रात्री सासूने पांढरी चादर अंथरली आणि सकाळी येऊन ती उजेडात धरली. चादर कोरी होती. नवरा वाईट नव्हता, पण त्या सकाळपासून तो आत्याकडे बघताना तिच्यामागे उभं असलेलं कुणीतरी शोधायचा. तो जवळ आला की तिचं अंग आखडायचं, दुखायचं. पुढे पाळीत रक्त फार जाऊ लागलं, तरी ती दवाखान्यात गेली नाही. डॉक्टरीण तपासेल आणि सासूचंच खरं ठरवेल, ही भीती. आपलं काही चुकलेलं नाही हे पक्कं माहीत असताना! मला आजही याचा संताप येतो. माहेरी आल्यावर माझ्या आईने तिला ओढतच नेलं, तोवर दुखणं इतकं वाढलं होतं की गर्भपिशवी काढावी लागली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पहिल्या वेळी कित्येकींना रक्त येतच नाही, आणि तपासूनही कुणाला काही कळत नसतं.

"मी रडली नाही," आत्या म्हणाली. "येवढं सोपं होतं... आन् कोनी सांगतलं नाही मले."

मी मरून चादर पेटीत ठेवली. तिच्यात खळीचा वास होता, आणि सासरच्या पहिल्या रात्री मला त्याच वासात झोप लागली.

गेल्या वर्षी माझ्या मुलीचं, मुक्ताचं, लग्न ठरलं. आत्या पार थकली होती, तरी मागावर बसली. होणारे जावई लाखनीहून भेटायला आले, तर तिने त्यांना समोर बसवून सगळ्यांदेखत विचारलं, "बापू, लग्नानंतर सकाळी चादर पाहशील काय?"

माझा भाऊ छताकडे बघू लागला. पोरगा लालेलाल. "काहून पाहीन, आजी?"

"पाहशील तं धुवाची हाय म्हणून पाहजो. दुसरं काही तिच्यात कोनाले दिसत नसते."

"हो आजी. मीच धुवीन."

मुक्ता खो खो हसत सुटली. आत्या मात्र हसली नाही. पदराने डोळे पुसून ती मागाकडे गेली आणि तिने पांढरं सूत मागितलं.

गेल्या आठवड्यात लाखनीला मुक्ताकडे गेले. बाहेर हायवेवर ट्रक धावत होते, आत दुपारचा मऊ उजेड होता. पलंगावर आत्याची पांढरी चादर, आणि तिच्या मधोमध चहाचा भलामोठा डाग.

"अगं, आत्याआजीची शेवटची चादर गं ही!" माझा जीव कळवळला.

"राहू दे न आई," उशी सारखी करत मुक्ता म्हणाली. "कोन पाहते?"

मी त्या डागाशेजारी बसले... आणि कितीतरी वेळ उठलेच नाही.