चाफ्याजवळचं मडकं

माहेराहून सोनचाफ्याचं रोप घेऊन येणारी सून आमच्या गावानं माझ्याआधी पाहिली नव्हती. जवळा बाजारहून कळमनुरीकडच्या या गावापर्यंत ते मी बैलगाडीत मांडीवर धरून आणलं. मोठा नाजूक जीव. कोवळेपणी ऊन सोसत नाही, थंडी सोसत नाही, आणि मूळ दुखावलं तर उभ्या उभ्या वाळतो. मी परसात पळसाच्या डहाळ्यांची सावली करून त्याला लावलं. शेजारी एक कोरं मडकं गळ्यापर्यंत पुरून पाण्यानं भरलं, म्हणजे ओल आतल्या आत झिरपत राहते. शेळ्या तोंड घालतात म्हणून त्याची झाकणी शेणमातीनं लिंपून टाकायची. कुणी तिकडं खुरपं घेऊन फिरकलं की माझ्या तोंडाचा पट्टा सुरू. मालकांनाही, म्हणजे माझ्या नवऱ्यालाही, मी सोडत नसे. "मूळ दुखवू नका," हे त्यांनी रोज ऐकलं असेल.

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं साल. रझाकारांनी कुठलं ना कुठलं गाव लुटल्याची खबर यायची. बायकांनी पाटल्या-गोठ मडक्यात घालून घरोघर पुरले, वरून लिंपून टाकले. आमच्या चाफ्याजवळचं मडकंही अगदी तसंच दिसतं, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

एका सकाळी बंदुका घेऊन चौघं परसात शिरले. ओलं लिंपण पाहून एकानं विचारलं, "इसमें क्या गाडा है?"

"पाणी हाय. झाडासाठी," मालक म्हणाले.

त्यांनी झाकणी फोडली. पाणीच होतं. तरी सोनं त्याच्या खाली असेल म्हणून मालकांच्या हाती कुदळ दिली आणि मानेला बंदुकीची नळी लावली.

मालकांनी कुदळ बाजूला ठेवली. गुडघ्यांवर बसून ते हातांनी माती उकरू लागले, हळूहळू, मुळांना धक्का न लावता. नळी धरणारा चिडत चालला होता. चापावरचं त्याचं बोट मला दिसत होतं. जन्मात मी एवढी भ्याले नव्हते.

"उपटा ना ते झाड!" मी किंचाळले. "आग लागो त्याला, उपटा!"

मालकांनी उपटलं नाही. मडकं वर आलं, खाली नुसता चिखल निघाला. एकानं लाथेनं मडकं फोडलं, शिव्या दिल्या आणि ते पुढच्या घराकडं गेले.

मी धावत जाऊन मालकांचे हात धरले. नखांतून रक्त येत होतं.

"काहून उपटलं न्हाई तुमी? जीव गेला असता ना!"

ते हातांकडं बघत राहिले. "मला कुठं काय सुचून राहिलं होतं? तूच रोज म्हणतीस, मूळ दुखवू नका. हात आपले तसेच चालले."

चाफा जगला. फुलला की आळीतल्या बायका फुलं मागायला येतात, वास किती गोड म्हणतात. मला मात्र तो वास आला की अजून धडकी भरते. मी आधी मालकांना हाक मारते. त्यांची ओ आली की मगच फुलाला हात लावते.