बस्त्यावचं मत

आगाशीजवळच्या बस्त्याव डाबरेने लावलेली केळ कधी मेली नाही आणि त्याने मत दिलेला आमदारकीचा उमेदवार कधी जगला नाही. पक्ष बदलून झाले, अपक्ष झाले. एकदा लाट बघून मत दिलं, तर लाटच ओसरली. एकदा तरी आपला माणूस निवडून यावा, एवढीच बिचाऱ्याची इच्छा!

यंदा बायकोचा भाचा ॲल्रॉयच उभा राहिला. हात जोडून घरी आला.

"अंकल, तुमचं मत..."

"अरे, तुलाच देणार!"

"नको, नको! समोरच्याला द्या!"

मार्थाने तर नवऱ्याला क्रूसासमोर उभं करून शपथ घ्यायला लावली. बस्त्यावने जड मनाने समोरच्याचं बटण दाबलं.

आणि समोरचा दणक्यात जिंकला.

ॲल्रॉय त्यांच्या ओट्यावर डोकं धरून बसला. मार्था डोळे पुसू लागली. बस्त्यावही रीतसर तोंड पाडून उभा होता, पण विजयाची मिरवणूक दारावरून निघाली, बँड वाजला आणि त्याचे पाय काही ऐकेनात.

"अहो, निघालात कुठे?" मार्था ओरडली.

"मार्था, आयुष्यात पहिल्यांदा निवडून आलोय गं!" म्हणत बस्त्याव गुलालात घुसला.