बोकडाचा होकार

आमच्या भावजींइतका जनावराला मान देणारा माणूस भिवंडी तालुक्यात झाला न्हाय, आणि घरच्या माणसांना इतका ताप देणाराबी दुसरा झाला न्हाय. भावजी म्हंजे आमच्या मालकांचा धाकटा भाऊ. त्यांनी लगीन केलं न्हाय. मालक गेले तवा माझ्या पदरात दोन वर्षांचा मुलगा व्हता. तवापासून भावजी आमच्यासाठी राबले. राबले खरे, पण बैलाला इचारून. सकाळी जू हातात घेऊन बैलाच्या तोंडासमोर उभे राहायचे आणि म्हणायचे, "काय रे, जायचं ना?" बैलानं मान खाली घातली तं चालले. त्यानं तोंड फिरवलं तं जू परत खुंटीला. शेजारपाजारच्यांची चिखलणी होऊन लावणीला बाया उतरायच्या, आणि आमच्या खाचरात बेडूक ओरडत बसलेले. मी बोलायची, "भावजी, भात काय बैल भरनार हाय का कणगीत?" तं म्हणायचे, "वयनी, आज त्याचं मन न्हाय." माझं मन हाय का न्हाय, ते कोण बघतो? मी एकटी कुदळ घेऊन खाचरात उतरायची.

कोंबडीच्या अंड्याचंबी तसंच. कोंबडी आपणहून उठून गेली म्हंजे तिनं अंडं दिलं, ती बसलेली असताना हात घातला म्हंजे चोरी. एक कोंबडी अशी खमकी व्हती की उठायचीच न्हाय. एकवीस दिवसांनी तिनं पिल्लं काढली, आणि आम्ही महिनाभर अंड्याशिवाय जेवलो. पण मासळी चालायची भावजींना. सुका बोंबील भाजला की पहिले ताटावर. मी टोमणा मारायची, "आणि ह्याला कुणी इचारलं?" तं काटा काढता काढता गंभीरपणे म्हणायचे, "तो पाण्यात बोलतो, वयनी. मला ऐकायला येत न्हाय, त्याला मी काय करू?"

पुढं दोन हजार साल उलटल्यावर आमच्याकडं गोदामं आली, शेती गेली, बैल म्हातारे होऊन गेले. भावजी दापोड्याला एका गोदामात वॉचमन लागले. तिथं उंदरांनी कापडाचे खोके कुरतडले तवा सेठनं औषध आणून दिलं. "चाचा, ये चूहे को डालो." भावजी म्हणाले, "सेठ, वो भी पेट के वास्ते ड्युटी करता है." औषध टाकलं न्हाय. पिंजऱ्यात उंदीर धरायचे आणि पिशवीत घालून खाडीपल्याड नेऊन सोडायचे. दोन मैल जायचे, दोन मैल यायचे. सेठ म्हणाला, "चाचा, मेरेको लगता है रोज एक ही चूहा वापस आता है." भावजींनाबी ते पटलं. दुसऱ्या दिवसापासून ते तीन मैल जायला लागले. महिन्याभरानं सेठनं दुसरा वॉचमन बघितला.

त्याच साली माझ्या मुलाला कावीळ झाली. कापडाच्या लूमवर दोन-दोन शिफ्ट करायचा, बाहेरचं पाणी प्यायचा. डोळे हळदीसारखे, पोट फुगलेलं. डॉक्टर मान हलवून गेला. माझं दुसरं हाय कोण? मी गावदेवीच्या पायरीवर डोकं टेकून बोलले, "आई, ह्याला उठव, बोकड देईन." मुलगा उठला. मंग नवसाचं पिल्लू आणलं, वर्षभर वाढवायचं म्हणून. वाढवलं भावजींनी.

आमच्यात बोकड असा सरळ कापत न्हाईत. देवीसमोर उभा करायचा, हळद-कुंकू लावायचं, पाठीवर पाणी शिंपायचं. त्यानं अंग झाडलं म्हंजे देवीनं घेतला, बोकडानं हो म्हटलं. मंगच कोयता. पाणी पडलं की जनावर अंग झाडतंच, म्हणून कुणाला कंदी खोळंबा झाला न्हवता.

आमचा बोकड उभाच राहिला. पहिली ओंजळ, दुसरी, तिसरी. देवीपुढं कोयता धरणाऱ्या मानकऱ्यानं अख्खा तांब्या ओतला. बोकडानं डोळे मिटले आणि सुखानं रवंथ करत राहिला. पावणे टेम्पो करून आलेले, बाया वाटण वाटून बसलेल्या. एक जण बोलला, "कानात फुंका, आत्ता झाडंल." मानकरी वाकला, तं भावजी मधी आले.

"कानात फुंकून काढलेलं हो ते तुमचं. त्याचं न्हवं."

"बाजूला व्हा, भाऊ. देवीचं काम हाय."

"मंग इतकी वर्षं इचारता कशाला? न्हाय म्हटलेलं ऐकायचं नसंल तं इचारू नका."

मला भीती वाटली. देवी परत मुलाला पाडंल, दुसरं काय सुचंना. मी आयुष्यात भावजींवर ओरडले न्हवते, त्या दिवशी ओरडले. "बोकडाला इचारता? मला कुणी इचारलं? तेराव्या वर्षी बोहल्यावर उभी केली, तवा इचारलं? जमीन इकली, अंगठा घेतला, तवा इचारलं? मी झाडायची कुठं अंग?"

भावजींचं तोंड उतरलं. ते माझ्याजवळ आले आणि दावं माझ्या हातात दिलं. हळू बोलले, "खरं हाय, वयनी. मीबी न्हाय इचारलं कंदी. आता इचारतो. मुलगा तुमचा, नवस तुमचा. तुम्ही बोला, मी मधी येनार न्हाय."

सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघत व्हतं. असं मला सवयीचं न्हवतं. मी मुलाकडं बघितलं, तो हडकुळा, पण उभा. बोकडाकडं बघितलं, त्याच्या नाकावरून पाणी ठिपकत व्हतं. मी देवीला म्हटलं, "आई, नवस माझ्या तोंडानं बोलले, ह्या बोकडाच्या न्हाय. आजपासून मटण, मासळी माझ्या तोंडाला लागनार न्हाय. राग धरायचा तं माझ्यावर धर, माझ्या मुलावर नको." आणि दावं सोडलं.

मानकरी फणकारला, "देवीशी भाव करते काय, काकू?" पावण्यांना मटणाच्या वाटणात वाल शिजवून वाढले. माझा भाचा अजून म्हणतो, वाल खायला आम्हाला टेम्पोनं नेलं.

आठ दिवसांनी बोरिंगवर गेले, तं भावजी बोकडाला हंड्यानं आंघोळ घालत व्हते, आणि तो तसाच डोळे मिटून उभा. मी बोलले, "म्हंजे ह्याला सवय व्हती पाण्याची? मुद्दाम केलंत तुम्ही?"

"तुमच्या गळ्याची शपथ, वयनी. गोचिड्या झाल्या व्हत्या, म्हणून वर्षभर रोज धूत व्हतो. माझ्या ध्यानातच आलं न्हाय." मंग बसलेच मटकन दगडावर. "आता काय म्हणायचं? त्यानं न्हाय म्हटलं व्हतं, का नुसती सवय?"

मला काय ठाऊक? त्या पावसाळ्यात मुलाला ताप आला तवा तीन दिवस मी माझ्यासाठी काय रांधलं न्हाय. पाणी उकळून त्याला पाजलं, आणि देवीला एकच म्हणत राहिले, माझ्याशी बोल. ताप उतरला. बोंबलाचा वास आला की अजून तोंडाला पाणी सुटतं, खोटं कशाला बोलू. पण खाल्लं न्हाय.

दोन वर्षांनी भावजी गेले, शांत गेले, खाटेवर. त्यांचं बरोबर व्हतं का चूक, ह्यावर गाव अजून भांडतं. घरोघरी बोकड कापतात, मी कुणाला नको म्हणत न्हाय, कोण ऐकनार? पण आमच्या गावात म्हातारा बोकड कुणी बघितला न्हवता. बोकड म्हातारा होतो कसा, तेच कुणाला ठाऊक न्हवतं. मी बघितलं. दाढी पांढरी झाली, गुडघे धरले, मंग एक एक करून दात पडले. गवत चावंना तवा मी तांदळाची भाकरी पाण्यात भिजवून द्यायची. माझेबी दात गेलेले. एकाच थाळीत दोघांची भाकरी भिजवायची आणि मऊ व्हायची वाट बघत दोघं ओटीवर बसायचो.