खोलीत उच्चारलेला प्रत्येक शब्द

वाणीची अधिष्ठात्री श्रीशारदा आणि माझी कुलदेवता यांना वंदन करून, आइंडहोवनमधील एका वकिलांच्या ऑफिसात घडलेला प्रसंग लिहितो. निमित्त होते परस्परसंमतीच्या घटस्फोटाचे. लिहिताना राग आवरीन म्हणतो. आवरेलच असे वचन देत नाही.

"इथे सही कर, मेधा. काकांना परत नीउ-व्हेनेपला जायचंय," निखिल म्हणाला.

'काका' म्हणजे मी, दूरच्या नीउ-व्हेनेप गावी राहणारा. मराठी आणि डच या भाषांचा शपथबद्ध दुभाषी. निखिल चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करणारा इंजिनिअर. मेधा त्याची पत्नी. नवऱ्याच्या नोकरीवर आधारलेल्या परमिटवर, डिपेंडंट म्हणून इथे आली, आता एका पाळणाघरात काम करते. त्यांचा आठ वर्षांचा ईशान त्या वेळी शाळेत होता.

नेदरलँड्समध्ये पतिपत्नींचे एकमत असेल, तर दोघांना मिळून एकच वकील चालतो. तो अर्ज कोर्टात दाखल करतो. न्यायाधीशांसमोर बहुधा उभेही राहावे लागत नाही. मूल लहान असेल तर मात्र त्याच्या संगोपनाचा करार जोडावाच लागतो. कागद डच भाषेत असतात. सही करणाऱ्याला ते पुरते कळावेत, म्हणून वकीलबाईंनी मला बोलावले होते.

मी करारातले कलम मराठीत सांगितले. "ईशान वडिलांजवळ राहील. आई स्वेच्छेने भारतात परत जाईल."

"स्वेच्छेने?" मेधाने विचारले. "हे कोणी लिहिलं?"

"आपलं ठरलंय ना सगळं?" निखिल म्हणाला.

"तू ठरवलंस. मी फक्त ऐकलं."

मग तो तिच्याकडे झुकला. चेहऱ्यावर हसू, आवाज अगदी मऊ. "नाटकं नकोत. सही केली नाहीस तर उद्याच तुझं परमिट रद्द करायला लावतो. मग बस सांगलीत, पोराला फोनवर बघत."

वकीलबाईंना वाटले, तो तिला धीर देतो आहे.

आमच्या व्यवसायाचा एक नियम आहे. खोलीत जे उच्चारले जाईल ते सर्व दुसऱ्या भाषेत सांगायचे. वगळायचे नाही, सौम्य करायचे नाही. शिवाय 'तो म्हणतो' असे न म्हणता, बोलणाऱ्याच्या जागी राहून 'मी' म्हणून बोलायचे. बैठकीच्या आरंभीच मी हे दोघांना सांगितले होते. निखिलने मान डोलावली होती. पण माझ्या कपाळावरचे गंध पाहून त्याने मला आपल्या बाजूचा मानला असावा.

मी डचमध्ये सुरुवात केली. "नाटकं नकोत. सही केली नाहीस तर..."

"अहो काका! हे नाही सांगायचं. हे आमच्या घरातलं आहे."

मी तेही डचमध्ये सांगितले.

"आपल्यातले ना तुम्ही? देवाधर्माची माणसं तुम्ही, आणि संसारात काड्या घालता?"

तेही सांगितले. काड्यांना डच शब्द शोधण्यात क्षणभर गेला. मग अर्धवट राहिलेली धमकी पूर्ण केली.

ज्या जिभेने पहाटे नामस्मरण केले, त्याच जिभेने मी एका आईला तिचे लेकरू तोडण्याची भीती घालत होतो. अंगाचा तिळपापड झाला. शेवटच्या वाक्याला माझा आवाज चढला. निखिल मऊ आवाजात बोलला होता. तेवढ्यापुरते माझे भाषांतर अचूक नव्हते.

वकीलबाईंनी फाइल मिटली. निखिलला बाहेर बसायला सांगितले. मग मेधाला म्हणाल्या, "परमिटचा निर्णय इमिग्रेशन खातं घेतं, नवरा नाही. तुम्हाला इथे पाच वर्षं होऊन गेली आहेत. अटी पूर्ण केल्यात तर स्वतःच्या नावाने परमिट मागता येईल. आता सांगा, तुम्हाला काय हवं आहे?"

मेधाने समोरचे पेन बाजूला सारले.

"घटस्फोट मलाही हवाय. नवऱ्यापासून. मुलापासून नकोय."

हेही मीच म्हणालो, डचमध्ये, 'मी' म्हणून. त्या वेळी मात्र जीभ विटाळल्यासारखी वाटली नाही.

त्या वकीलबाईंनी प्रकरण सोडले; दोघांचा एकच वकील असताना एकजण दुसऱ्याला धमकावत असेल, तर त्यांना काम पुढे नेता येत नाही. मेधाने स्वतःचा वकील केला. निखिललाही करावा लागला. काही महिन्यांनी नवा करार झाला. शाळेच्या दिवसांत ईशान आईकडे, शनिवार-रविवार वडिलांकडे. अर्ज पुन्हा दोघांच्या संमतीनेच गेला आणि मंजूर झाला. मेधाला तिच्या नावाचे परमिटही मिळाले.

गणेशोत्सवात एका गृहस्थांनी प्रसादाची वाटी हातात देता देता मला ऐकवले, "काका, तुम्ही म्हणे संसार मोडता हल्ली!" मी प्रसाद घेतला. त्या वाक्याचे भाषांतर करण्याची माझ्यावर सक्ती नव्हती.

घरातली गोष्ट घरातच राहावी असे ज्याला वाटते, त्याने ती दुभाष्यासमोर बोलू नये. शक्य असल्यास घरातही बोलू नये.

वाचकहो, आपल्या घरात कोणाचीही संमती भीतीने न मिळो. लेकरे सुखात राहोत, आणि आपल्या वाणीवर शारदेची कृपा अखंड असो.