साप, लाल कोळी आणि त्र्यंबकचे तीन दिवस

"तू नुसता सोबत चल. विधीला बसायचं नाही, हात जोडायचे नाहीत. वाद घालायचा तर खुशाल घाल." माझ्या झेंडूच्या बांधावर उभा राहून वसंता म्हणाला, आणि माझी त्र्यंबकची वारी ठरली.

आधी ओळख करून देतो. मी मखमलाबादच्या बाजूला फुलं आणि थोडी भाजी करतो. शाळा लवकर सुटली, बाकीचं शिक्षण वाचनालयात आणि वाफ्यात झालं. वसंताचं जुन्या नाशकात तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान. तो पूजाअर्चेचा माणूस आणि मी उत्क्रांतीचा. सजीव हळूहळू बदलत गेले, माणूसही त्यातूनच आला, हे मी सांगायचं आणि त्यानं "चहा पी" म्हणून उडवून लावायचं, यात आमची उमर गेली.

या वेळचं निमित्त मात्र वाईट होतं. वसंताचा एकुलता एक सुनील टीबीनं गेला. पहिल्यांदा झाला तेव्हा गोळ्या लागू पडल्या होत्या. पण पोराला उलट्या व्हायच्या, अन्न जाईना. जरा अंग धरल्यासारखं दिसलं आणि वसंतानं अर्ध्यावर गोळ्या थांबवून काढा सुरू केला. पुढे आजार उलटला, तो असा की त्या गोळ्यांना जुमानेना. सुनीलची सेवा करता करता त्याच्या आईला, कुसुमवहिनींना, तोच टीबी लागला. त्यांच्या थुंकीचा रिपोर्ट आता चांगला येतो, डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली होती, पण गोळ्यांचा कोर्स लांबलचक आहे. त्या गोळ्यांनी चेहरा काळवंडला, पायांना मुंग्या येतात, घास घशाखाली उतरत नाही.

आणि वहिनींच्या मनात साप बसला होता. सुनील पाळण्यात असताना खाली नाग निघाला, तो त्यांनी धोपटण्यानं मारला. मुलगा गेल्यावर कुणीतरी नातेवाईक बोलून गेलं की हा त्याचाच कोप. म्हणून त्र्यंबकला नागबळी.

"करा की," मी म्हणालो. "तिच्या मनाला बरं वाटेल."

"विधी झाला की गोळ्या बंद करणार म्हणते." वसंता झेंडूकडं बघत म्हणाला. "साप फिटला की दुखणं फिटलं, असं धरून बसलीय."

"मग तू सांग ना तिला."

"मी कोणत्या तोंडानं सांगू, आप्पा?"

पहिला दिवस

नाशिकहून त्र्यंबकला बस भरपूर. सकाळी लवकर निघा, नंतर उभं राहावं लागतं. सिंहस्थाच्या तयारीसाठी रस्ता जागोजागी उकरून ठेवलाय, त्यामुळे तासाभराची वाट दीड तासाची धरून चला. थंडीत जाणार असाल तर कानटोपी आणि स्वतःची चादर घ्या. वहिनी मास्क लावून खिडकीशी, वसंता मधे, मी कडेला.

सातपूर मागं पडलं तसा वसंता खुलला. मला वाटतं, मुद्दामच. अंजनेरीचा डोंगर दिसला आणि त्यानं मला कोपरानं ढोसलं.

"मारुतीचा जन्म इथला. माकडाचा माणूस झाला म्हणतोस ना? धर कान."

"माकडाचा माणूस झाला असं कुठं म्हणतो मी? दोघांचा पूर्वज एक. चुलतभाऊ समज."

"बघा, आम्ही वानराला देव केलं. यानं नेऊन भाऊबंदकीत बसवलं!"

पुढच्या बाकावरच्या आजीबाई हसायला लागल्या. वहिनींचे डोळेही मास्कवर जरा बारीक झाले. मला तेवढ्यानंच भरून आलं.

"पुरावा काय पण?" वसंता सोडेना.

"माझा झेंडू. दरवर्षी मोठ्या गोंड्याचं बी राखत गेलो, आज गोंडा केवढा झालाय बघ. आणि लाल कोळी. पानांवर जाळी करतो तो. एकच औषध मारत राहिलो. सुरुवातीला सगळे मेले. पण थोडे मुळातच चिवट होते, ते उरले. त्यांचीच पिलावळ वाढली. आता त्या औषधानं आंघोळ घातली तरी मरत नाहीत."

"कोळ्याचा कोळीच राहिला ना? गोम तर नाही झाली?"

हे त्याचं ठरलेलं उत्तर. दरवेळी मी चिडायचो. त्या दिवशी गप्प बसलो, कारण वहिनी खिडकीबाहेर बघायचं सोडून माझ्याकडं बघत होत्या.

उतरलो ते विधी करणाऱ्या गुरुजींच्या ओळखीच्या एका साध्या निवासात. खोली स्वच्छ, गरम पाणी बादलीनं मिळतं. कुणी या विधीला जाणार असाल तर दक्षिणा, साहित्य, जेवण, सगळं आधीच बोलून घ्या, म्हणजे नंतर मन कडू होत नाही. नवी पांढरी वस्त्रं लागतात. जेवण कांदा-लसणाशिवाय. माझ्यासारख्या सोबत्याला बाहेर मिसळ मिळते, तिखट सांभाळून खा. कुशावर्ताच्या पायऱ्या निसरड्या आहेत, वडीलधाऱ्यांचा हात धरा.

गुरुजी मध्यम वयाचे, शांत. वहिनींनी विचारलं, "विधीच्या दिवसांत गोळ्या घेतल्या तर चालतील का?" ते म्हणाले, "बाई, औषधाला कसलं बंधन? मीच सकाळी साखरेची गोळी घेऊन बसलोय."

पाणी सोडताना त्यांनी अर्थ सांगितला. तीन पिढ्यांची नावं घ्यायची, मग ज्यांची नावं ठाऊक नाहीत त्यांना, आणि शेवटी ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सगळ्यांना. वसंतानं ओल्या अंगानं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. आपल्यात हे आधीपासूनच होतं, असा त्याचा चेहरा. मला खरंच आवडलं ते. गवताच्या काडीला नात्यात धरणारा माणूस माझ्यापासून फार लांब नाही, असं वाटलं. ती वारी तिथंच संपली असती तर मी इथं छान गोड गोड लिहिलं असतं.

दुसरा दिवस

कणकेचा नाग करतात. फणा, शेपटी, सगळं. त्याची पूजा होते आणि मग माणसासारखं दहन. मी लांब उभा होतो. वहिनींनी कणकेच्या फण्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पोराच्या पाळण्याखाली आलास रे. मी काय करणार होते?" मग चितेकडं बघत बराच वेळ बसून राहिल्या. रडल्या नाहीत. त्यांचे खांदे मात्र सैल झाले, मला स्पष्ट दिसलं. मी विधी मानत नाही, पण जे दिसलं ते नाही कसं म्हणू?

दहनानंतर दोघांना सुतक. कुणी शिवायचं नाही. संध्याकाळी ते ओसरीच्या एका टोकाला बसले, मी अंगणात तुळशीपाशी दगडावर. मधे सगळं अंगण. बोलायचं तर जरा आवाज चढवूनच.

गोळ्यांची वेळ झाली. वसंतानं पाकीट आणि पाणी पुढं ठेवलं. वहिनींनी पाकीट बाजूला सारलं.

"आता नको. फिटलं सगळं. आज अंग किती हलकं वाटतंय."

"अगं, डॉक्टर म्हणाले आहेत..."

"सुनीलला गोळ्या देऊन काय झालं? गेलाच ना? मुळाशी साप होता. तो आज गेला."

वसंतानं माझ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडं असं कधी पाहिलं नव्हतं.

"आप्पा, ते कोळ्याचं सांग हिला."

ज्या गोष्टीची त्यानं आयुष्यभर टिंगल केली, ती तो मागत होता. मी अंगणातूनच सांगायला लागलो. "वहिनी, झेंडूवर कोळी पडतो. औषध मारलं की नाजूक असतात ते आधी मरतात. पीक टवटवीत दिसतं. तिथंच फवारणी सोडली, की मागं राहतात ते नेमके चिवट. मग पुढची सगळी पैदास त्यांची. जंतूंचंही तसंच. म्हणून बरं वाटलं तरी गोळ्या अर्ध्यावर..."

आणि माझी जीभ अडली. ही गोष्ट कुठं जाते ते मला बांधावरच कळायला हवं होतं. तिच्या शेवटी सुनील होता.

"पुढं बोल," वसंता म्हणाला.

मी तुळशीकडं तोंड फिरवलं.

"मग मी बोलतो. कुसुम, सुनीलच्या गोळ्या मी थांबवल्या. तो बरा दिसत होता, तू आज दिसतेस तसाच. चिवट होते ते आत राहिले आणि वाढले. तेच तुझ्या छातीत आलेत. साप नव्हता तो."

"वसंता, ते असं ठामपणे नाही सांगता येत," मी ओरडलो. "ते जंतू दुसऱ्याच कुणाच्या अंगात तसे झालेले असतील, आणि सुनीलला आयते लागले असतील. तसंही होतं. खोटं नाही सांगत."

"होतं ना असं? मग तेही धरू. पण आज मला सोडवायला बघू नकोस."

समोरच्या ब्रह्मगिरीवरचं ऊन उतरून गेलं. मग नवऱ्याकडं न बघता वहिनी म्हणाल्या, "एवढे दिवस मी साप साप करत झुरत होते. तुम्ही समोर बसून ऐकत होतात."

वसंतानं मान खाली घातली.

"आज माझ्या हातून कणकेचा साप जाळून घेतलात."

"तुला हलकं वाटावं म्हणून..."

"मला वाटलं हलकं. तुमचं काय?"

त्यानं मान वर केली, पण विचारलं मला. "आप्पा, आमच्यात साप मारला तर तीन दिवसांचा विधी आहे. तुझ्या शास्त्रात माझ्यासाठी काय आहे?"

"काही नाही रे," मी म्हणालो. "वहिनींच्या गोळ्या पूर्ण होऊ द्यायच्या. एवढंच."

सुतक असल्यानं मला उठून त्याच्या खांद्यावर हातही ठेवता आला नाही. ठेवला असता तर काय बिघडलं असतं, हे आता वाटतं. पण त्या घटकेला तो नियम मोडायची माझी छाती झाली नाही. वहिनींनी त्या संध्याकाळी गोळ्या घेतल्या नाहीत. पाकीट दोघांच्या मधे तसंच पडून होतं.

तिसरा दिवस

सकाळी सोन्याच्या छोट्या नागाची पूजा झाली आणि सुतक फिटलं. गुरुजींनी आशीर्वाद दिला. वहिनी उठल्या, थेट माझ्यापाशी आल्या आणि हात पुढं केला. "भाऊजी, गोळ्या आणा. आणि पाणीही तुम्हीच द्या."

मी दिल्या. त्यांनी एकेक करून गिळल्या, उमासा आला तो तोंड दाबून परतवला. वसंता चार हात लांब उभा राहून बघत होता.

परतीच्या बसमध्ये मी मधे बसलो. अंजनेरी आली, गेली. कुणी मारुतीचं नाव काढलं नाही.

घरी

पुष्कळ जण विचारतात, अशा विधीला जावं का? मी काय सांगू? वहिनींना तिथं जे मिळालं ते माझ्या एकाही पुस्तकात नव्हतं. आणि त्यांना जे जगवतंय ते त्या चितेत नव्हतं. जायचं असेल तर खुशाल जा. गोळ्या सोबत घ्या आणि विधीनंतरही शेवटच्या गोळीपर्यंत घ्या.

वसंता अजून संध्याकाळी बांधावर येतो. वादाला तोंड फोडावं म्हणून मी मुद्दाम म्हणतो, "कोळ्याचा कोळीच राहिला बघ." तो नुसती मान हलवतो. आयुष्यभर त्याला पटवायची माझी धडपड होती. आता पटलंय, आणि मला त्याचा तो जुना हट्ट परत हवाय.

वहिनी गोळ्या न चुकता घेतात. वसंताच्या हातून मात्र घेत नाहीत, त्याच्यासमोरही नाही. तो सकाळी पायांत चपला घालून दाराबाहेर थांबतो. आतून पाकीट फोडल्याचा आवाज येतो, मग पेला खाली ठेवल्याचा. तेवढं ऐकून तो दुकानाची वाट धरतो.